विषय क्रमांक सात

वहिनी: बसायला आले नाही मी. मला एवढंच सांगा भावजी, गेल्या महिन्याच्या सभेत मी हात वर केला होता की नव्हता?

बातमीदार: वहिनी, दोन जिने चढून आलात. आधी पाणी घ्या. हे नगरपालिकेतले कारकून, ओळखता तुम्ही. उद्याच्या सभेची विषयपत्रिका द्यायला आलेत.

वहिनी: न ओळखायला काय झालं? चार वर्षं सदस्य आहे मी, दर सभेला अध्यक्षांच्या शेजारी वही घेऊन बसलेले असतात. बरं झालं, इथेच सापडलात. तुमच्याकडेही येणारच होते मी.

कारकून: मी निघतच होतो ताई. दीर-भावजयीचं घरगुती काही असेल तर…

वहिनी: घरगुती कसलं? बसा. पेपरात छापलं यांनी आणि वहीत चढवलं तुम्ही. दोघं एका जागी भेटलात, माझी एक खेप वाचली.

बातमीदार: तुमच्याविरुद्ध मी आजवर एक अक्षर छापलेलं नाही. उलट तुमच्या वॉर्डातल्या नळाचं उद्घाटन पहिल्या पानावर घेतलं होतं, फोटोसकट.

वहिनी: त्या फोटोत माझा अर्धा खांदा होता. ते राहू दे. हे कात्रण घ्या आणि वाचा. मोठ्याने.

बातमीदार: मीच लिहिलंय, त्यात वाचायचं काय?

वहिनी: वाचा.

बातमीदार: "नगरपालिकेच्या आज झालेल्या सर्वसाधारण सभेत, जुन्या वस्तीतील दवाखाना बंद करून तो नदीपलीकडील मोठ्या रुग्णालयात विलीन करण्याचा ठराव, विषय क्रमांक सात, सर्व सदस्यांनी एकमताने मंजूर केला. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली."

वहिनी: खेळीमेळीच्या. भावजी, त्या दिवशी मी उभी राहून बोलले. चार वर्षांत पहिल्यांदा. टेबलाची कड धरली होती. म्हटलं, माझ्या वॉर्डात निम्मी माणसं म्हातारी आहेत, ती पूल ओलांडून जायची कशी ते आधी सांगा. मग हात वर करून मोजणी झाली. आठ बाजूने, आठ विरोधात. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ठेवा पुढच्या महिन्यावर. ठराव मंजूर झालाच नाही.

बातमीदार: असेल. तसं झालं असेल तर… नजरचुकीने राहून गेलं म्हणायचं. पेपर म्हटला की घाई आलीच.

वहिनी: तुम्ही बसला कुठे होतात त्या दिवशी?

बातमीदार: कुठे म्हणजे? वर. पत्रकारांच्या गॅलरीत.

वहिनी: वरून आठ हात दिसले नाहीत?

बातमीदार: तिथे एक खांब मध्ये येतो.

वहिनी: बरं. खांब आला. आता तुम्ही सांगा हो कारकून. दवाखान्याला गेल्या सोमवारी कुलूप लागलं. कुणाच्या हुकमाने?

कारकून: ते आरोग्य विभागाने लावलं, ताई. ठरावाची प्रत गेली की ते कुलूप लावणारच. त्यांचं नियमाप्रमाणे आहे.

वहिनी: ठरावच झाला नाही, तर प्रत कशाची गेली?

कारकून: इतिवृत्ताची. सभेत काय झालं ते जे लिहितो आम्ही, त्याची.

वहिनी: आम्ही म्हणजे कोण?

कारकून: मीच. पण अध्यक्षांची सही आहे त्यावर.

वहिनी: अध्यक्ष वाचतात?

कारकून: सही करतात.

वहिनी: विषय सहा संपला तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेलात. मी बघितलं. दाराशी किटलीजवळ उभे होतात.

कारकून: सहाव्या विषयानंतर चहा द्यायची पद्धत आहे ताई. माझ्या आधीपासूनची. सव्वीस कप, सव्वीस बशा. मागे एकदा चार कप गायब झाले, तेव्हापासून मी स्वतः मोजून घेतो.

वहिनी: मग सातव्याचं लिहिलंत कशावरून?

कारकून: मी आत आलो तेव्हा आठवा चालू झाला होता.

वहिनी: कशावरून लिहिलंत?

कारकून: यांच्या कात्रणावरून. आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? नेहमीच तसं करतो. मी सभेत दोनचार शब्द टिपतो, पण माझं अक्षर मलाच लागत नाही. यांच्या पेपरात कसं सगळं क्रमाने असतं. विषय एक, विषय दोन. भाषा चांगली, वाक्यं पुरी. मी फक्त ते "खेळीमेळीच्या" तेवढं गाळतो.

वहिनी: म्हणजे नगरपालिकेचं दप्तर सांजच्या पेपरवरून उतरवून काढतात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

कारकून: पत्रकार वर बसून सगळं ऐकतात, अशी माझी समजूत ताई. लेखी असं दुसरं काही नसतंच ना. माइक तर दोन वर्षं बंद आहे.

बातमीदार: वहिनी, ऐका. यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. उद्याच सभा आहे. पहिलाच विषय, मागील इतिवृत्त कायम करणे. तुम्ही उभ्या राहा, हरकत घ्या. संपलं.

कारकून: हरकत घेता येते, ते खरं. पण एकदा कायम झालं की मग ब्रह्मदेव आला तरी काना-मात्रा हलत नाही.

वहिनी: हरकत मी घेईन. माझ्या बाजूने बोलणार कोण? ज्यांनी हात वर केले होते त्या सातही जणांच्या घरी जाऊन आले. एक म्हणाले, ताई, आठवत नाही बुवा, पण पेपरात तर एकमताने आलंय. दुसरे म्हणाले, मी बहुतेक दिवाबत्तीच्या विषयाला हात वर केला असेन. तिसऱ्यांच्या बायकोने दारातच सांगितलं, ते झोपलेत. सकाळी दहा वाजता. सदस्यांनासुद्धा सभेत काय झालं ते तुमचा पेपर वाचून कळतं, भावजी.

बातमीदार: लोक विसरतील हो. आठ दिवसांत नवीन काहीतरी येतं.

वहिनी: लोक काय विसरतायत? रोज सकाळी माझ्या उंबऱ्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या ठेवलेल्या असतात. काल अकरा होत्या. कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी, माझ्या प्रचाराला उन्हातान्हात हिंडली होती, तिने तोंड फिरवलं. म्हणाली, ताई, विकायचंच होतं तर निदान आधी सांगायचं. मी काय विकलं? कुणाला विकलं?

कारकून: ताई, पाणी घ्या थोडं.

वहिनी: नको. बाहेरच्यांचं मी सोसेन. निवडून आले तेव्हाच ठरवलं होतं, शिव्या खाव्या लागतील. पण घरात आई आहेत. भावजी, तुमच्या आईंच्या पायाची जखम तुम्हाला ठाऊक आहे. एक दिवसाआड पट्टी बदलावी लागते. दवाखाना आमच्या दारापासून साठ पावलांवर. भिंतीला धरून एकट्या जायच्या, नर्सबाईंशी गप्पा मारून यायच्या. आता पूल ओलांडून न्यायचं, तिथे दोन तास बाकावर बसवायचं. परवा परत येईपर्यंत पाय सुजून लाकूड झाला होता.

बातमीदार: मला बोलवायचंत. मी नेलं असतं.

वहिनी: नेते मी. त्याचं मला काही नाही. तुमचे दादा गेले तेव्हापासून नेतेच आहे. पण त्या माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की जेवतात आणि ताट सरकवतात. मी पायाशी बसून सांगितलं, आई, मी विरोध केला होता. तर त्यांनी गादीखालून तुमचा पेपर काढून माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, माझा मुलगा लिहितो ते खोटं, आणि तू सांगतेस ते खरं? त्यानंतर शब्द नाही.

बातमीदार: आई जुन्या वळणाची आहे. तिच्या बोलण्याचं काय धरता?

वहिनी: बोलण्याचं धरलं नसतं. हा कागद कसला?

बातमीदार: कुठला? तो राहू दे. आजचा नाही तो.

वहिनी: "नगरपालिकेच्या आज झालेल्या सर्वसाधारण सभेत…" आज सभा कुठे आहे? सभा उद्या आहे.

बातमीदार: वहिनी, तो कच्चा मजकूर आहे. द्या इकडे.

वहिनी: "सुरुवातीस मागील सभेचे इतिवृत्त एकमताने कायम करण्यात आले. त्यानंतर बाजारपेठेतील गटारांच्या कामास सर्व सदस्यांनी…" भावजी, हे उद्याचं आहे. उद्या मी काय करणार ते तुम्ही आजच लिहून ठेवलंय.

कारकून: बघू. अरे, ही विषयपत्रिका मी तुला अर्ध्या तासापूर्वी दिली.

बातमीदार: सभा तीनला सुरू होते, पान चारला खाली छपाईला जातं. मी काय करायचं? सुरुवातीला जायचो की मी. तिसऱ्या विषयाला उठून धावत यायचो, उरलेलं दुसऱ्या दिवशी शिळं छापायचं. मालक म्हणायचे, शिळी बातमी कोण विकत घेतो? मग हळूहळू लक्षात आलं की विषयपत्रिकेत जे असतं ते मंजूरच होतं. एकोणीस वर्षांत एक ठराव अडला नाही वहिनी. एक नाही.

वहिनी: एक अडला. तो अडवताना माझा जीव अर्धा झाला, आणि तुम्ही तिथे नव्हता.

कारकून: थांबा, थांबा. म्हणजे तू गॅलरीत नसतोसच? कधीच?

बातमीदार: वर बसून तरी काय कळणार? माइक बंद.

कारकून: आणि मी तुझं कात्रण पुढ्यात ठेवून, पट्टीने रेघा मारून, स्वच्छ अक्षरात उतरवतोय. सरकारी वहीत. वर्षानुवर्षं.

बातमीदार: मला काय ठाऊक तू कात्रणावरून लिहितोस? मला वाटायचं, माझं काही इकडचं तिकडे झालं तरी दप्तरात खरं असणार. तू आत बसलेला असतोस.

कारकून: मला वाटायचं तू वर बसलेला असतोस.

वहिनी: आणि मी मध्ये उभी होते.

कारकून: ताई, मला तीन महिने राहिलेत निवृत्तीला. हे बाहेर आलं तर चौकशी लागेल. मी इथे आलोच नव्हतो असं समजा.

वहिनी: तुम्ही कुठे असता आणि कुठे नसता ते एकदा ठरवून टाका.

बातमीदार: चूक झाली, मान्य. पण मुद्दाम केली नाही.

वहिनी: तुम्हाला कळलं कधी?

बातमीदार: काय?

वहिनी: ठराव अडल्याचं. आत्ता माझ्याकडून कळलं असतं तर तुम्ही दचकला असतात. तुम्ही पाणी विचारलंत.

बातमीदार: त्याच संध्याकाळी. अध्यक्षांचा ड्रायव्हर खाली पानाच्या… खाली दुकानात भेटला. म्हणाला, तुमच्या वहिनींनी आज साहेबांना घाम फोडला. तोवर अंक बाजारात गेला होता.

कारकून: त्याच संध्याकाळी? मी इतिवृत्त चार दिवसांनी लिहिलं. एक फोन केला असतास मला, तर आज कुलूप नसतं रे.

बातमीदार: दुसऱ्या दिवशी खुलासा टाकायला बसलो होतो. खरंच. पण मालकांनी विचारलं असतं, तू होतास कुठे? त्यांनी दारातून बाहेर काढलं असतं. आणि मग मनात आलं, पुढच्या महिन्यात मंजूर होणारच आहे. आपण महिनाभर आधी छापलं, एवढंच.

वहिनी: एवढंच. गेल्या रविवारी तुम्ही घरी आलात. मी आत भांडी आवरत होते. आईंनी तुम्हाला विचारलं, ही म्हणते तिने विरोध केला, खरं काय? मी नळ बंद केला आणि उभी राहिले. म्हटलं, आता भावजी सांगतील.

बातमीदार: वहिनी…

वहिनी: तुम्ही म्हणालात, आई, छापायच्या आधी मी सगळं तपासून घेतो.

कारकून: असं म्हणालास तू?

बातमीदार: तिच्या तोंडावर काय सांगणार होतो? ती दुपारपासून दारात बसते पेपरसाठी. शेजारच्यांना वाचून दाखवते, माझ्या मुलाने लिहिलंय म्हणून. शेजारी जाऊन सांगावं असं शाळेत मी कधी काही केलं नाही. दादाचंच सांगायची. हे एकच आहे माझ्याकडे.

वहिनी: तुमचं ते एक राहावं म्हणून माझं गेलं.

बातमीदार: मला कळतंय.

वहिनी: तुम्हाला आत्ता कळतंय. मला वाटतं मला रविवारीच कळलं, फक्त विश्वास बसत नव्हता. तुम्ही माझ्या लग्नात हाफ पँटमध्ये होतात हो. तापात तुमच्या डोक्यावर मी पट्ट्या ठेवल्यात.

कारकून: पावणेचार व्हायला आले.

वहिनी: खुलासा लिहा. आजच्या अंकात येऊ दे. उद्या सगळे सदस्य सभेला येताना तो हातात घेऊन येतील, मग त्यांनाही आठवेल.

बातमीदार: वहिनी, माझं एक ऐका. छापलं की माझा इथला कारभार आटोपला. आणि गेली एकोणीस वर्षं जे लिहिलं त्या सगळ्यावर लोक थुंकतील. त्यापेक्षा मी आईला सांगतो. आत्ता, तुमच्यासमोर, फोनवर. तुमचं मन मोकळं होईल. आणि उद्या मी स्वतः सभेला येतो, गॅलरीत बसतो, तुमची हरकत शब्दन्‌शब्द छापतो. मग खुलाशाची गरज काय?

वहिनी: लावा फोन.

बातमीदार: खरंच?

वहिनी: लावा. आईंना तुमच्या तोंडून कळलं तर बाकीचं मी बघते. बाटल्या मी उचलीन.

बातमीदार: वाजतोय. हॅलो, आई, मी बोलतोय. हो, ऑफिसातूनच. जेवलीस? पाय कसा आहे? नाही गं, काही झालं नाही. आई, ऐक. ती दवाखान्याची बातमी होती ना, ती चुकीची होती. हो, माझीच. वहिनींनी विरोधच केला होता. अगं मीच सांगतोय ना. नाही, मला कुणी सांगायला लावलं नाही. वहिनी? हो, आहेत इथे, पण… आई, मी त्या सभेला गेलोच नव्हतो. नाही, बरा आहे मी. आई, तू ऐकून तर… बरं. बरं, ठेवतो.

कारकून: काय म्हणाल्या?

बातमीदार: म्हणाली, तू लहानपणापासून भिडस्त. ती समोर येऊन बसली म्हणून तिच्यासाठी खोटं बोलतोयस. बाईमाणसाने डोळ्यांत पाणी आणलं की तू विरघळतोस, म्हणाली.

वहिनी: माझ्या डोळ्यांत पाणी नाही.

बातमीदार: नाही. ते दिसतंय मला.

वहिनी: अजून काय म्हणाल्या?

बातमीदार: तोंडी काय, कुणीही काहीही बोलेल. छापून आलं तर मानीन.

कारकून: झालं. घरचं दार बंद झालं तुझं.

वहिनी: उठते मी. उद्या हरकत घेईन, एकटी तर एकटी. तुम्ही तुमचा तो कागद सांभाळा. एकमताने.

बातमीदार: थांबा वहिनी. बसा. कोरा कागद द्या हो तो, तुमच्या कोपराखालचा. "गेल्या महिन्यातील सभेच्या वृत्तात अनवधानाने…"

वहिनी: अनवधानाने नाही.

बातमीदार: "तांत्रिक कारणामुळे"?

वहिनी: सरळ मराठीत लिहा, भावजी. आईंना कळेल असं.

बातमीदार: "दवाखाना बंद करण्याचा ठराव मंजूर झाल्याची बातमी खोटी होती. ठरावाच्या बाजूने आठ आणि विरोधात आठ मते पडली. ठराव पुढे ढकलला गेला." तुमचं नाव घालतो. "जुन्या वस्तीच्या सदस्यांनी उभे राहून विरोध केला."

वहिनी: बाकीच्या सातांचंही घाला. झोपलेल्यांचंसुद्धा.

कारकून: इतिवृत्ताचं काही घालू नकोस रे. पाया पडतो.

वहिनी: ते उद्या मी सभेत विचारीन. तुम्ही उत्तर द्या म्हणजे झालं.

कारकून: कारकुनाला सभेत बोलायची मुभा नसते, ताई.

वहिनी: मुभा मी मागेन.

कारकून: मी निघतो. इतिवृत्ताची वही माझ्या टेबलावरच आहे, पाचला ऑफिस बंद होतं. जाऊन त्या पानावर खूण घालून ठेवतो.

वहिनी: कसली खूण?

कारकून: नुसती खूण. उघडायला सोपं जाईल. येतो.

बातमीदार: गेला. पाच मिनिटं राहिलीत. शेवटचं वाक्य सांगा वहिनी, माझ्या हाताने होत नाही.

वहिनी: "ही बातमी लिहिणारा त्या सभेला हजर नव्हता."

बातमीदार: "…हजर नव्हता." एकोणीस वर्षांत माझं नाव कधी छापून आलं नाही, ठाऊक आहे? आमच्या प्रतिनिधीकडून, एवढंच असतं. आई शेजारच्यांना सांगते म्हणून लोकांना माहीत. नुसतं "लिहिणारा" ठेवलं, तर ती म्हणेल दुसराच कुणीतरी असेल.

वहिनी: म्हणतील.

बातमीदार: नाव घालू खाली?

वहिनी: घाला. जरा ठळक अक्षरात घ्या, त्यांना बारीक दिसत नाही.